गारपिटीचा क्लेम अडलाय: अप्रेझर कोणाला नेमायचं आणि अंपायर कसा ठरतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. अप्रेझल म्हणजे विम्याच्या रकमेवरचा वाद पॉलिसीतल्या कलमानुसार सोडवायची पद्धत: दोन्ही बाजू एकेक अप्रेझर (नुकसान मोजणारा) नेमतात, त्यांचं जिथे अडतं तिथे अंपायर (पंच) बसतो, आणि ठरलेली रक्कम म्हणजे निवाडा. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोमध्ये तुमचं दुमजली घर. वसंतातल्या गारपिटीत छपराने मार खाल्ला. कंपनीच्या अ‍ॅडजस्टरने (नुकसान तपासणाऱ्या माणसाने) फक्त मागचे दोन उतार धरून ११,४५० डॉलरचा अंदाज काढला आणि त्यातून ३,१५० डॉलर घसारा कापला. घराचं कव्हर ४ लाख ६० हजार आणि वारा-गारांचा डिडक्टिबल (क्लेममधला जो भाग तुम्ही स्वतः सोसायचा) २ टक्के, म्हणजे ९,२०० डॉलर, त्यामुळे चेक शून्याचा. पुढच्या दोन उतारांवर जे दिसतंय ते जुनेपण आहे, गारांचं नाही, असं पत्रात लिहिलंय. रूफरच्या (छपराचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या) मते पूर्ण छप्पर बदलावं लागेल आणि खर्च २९,८०० डॉलर. तोच रूफर आता म्हणतोय, "अप्रेझल मागा. तुमचा अप्रेझर मीच होतो, निवाड्याच्या १५ टक्के द्या, डिडक्टिबलचं मी बघून घेतो." तुमचे प्रश्न दोन: याला नेमायचं की याहून कडक माणूस शोधायचा? आणि शेवटी अंपायर कंपनीचाच निघाला तर काय?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. रूफरला नेमू नका. पण "कडक माणूस" शोधायलाही जाऊ नका, कारण या प्रक्रियेत कडकपणाला किंमत नसते. किंमत असते दुसऱ्या सहीला.

अप्रेझलचं कलम अमेरिकेत फार जुनं आहे. १९४३ च्या न्यूयॉर्क स्टँडर्ड फायर पॉलिसीच्या १६५ ओळींत ते होतं आणि आजच्या बहुतेक घरांच्या पॉलिसीत थोड्याफार फरकाने तेच आलेलं आहे. नुकसानीच्या रकमेवर एकमत होत नसेल, तर कोणतीही बाजू लेखी मागणी करू शकते. मागणीनंतर २० दिवसांत दोघांनी आपापला अप्रेझर कळवायचा. ते दोघे मिळून अंपायर निवडतात. १५ दिवसांत त्यांचं जमलं नाही, तर कोर्ट अंपायर नेमतं. दोन्ही अप्रेझर आधी आपापसात रक्कम ठरवायचा प्रयत्न करतात, आणि जिथे अडतं तेवढंच अंपायरपुढे ठेवतात. तिघांपैकी कोणत्याही दोघांची सही झाली की निवाडा पक्का. आपल्या अप्रेझरची फी ज्याची त्याने द्यायची, अंपायरचा आणि बाकीचा खर्च अर्धा-अर्धा.

यात दोन गोष्टी नीट बघा. तुमच्या अप्रेझरची एकट्याची सही कागदावर काहीच करत नाही. तिला दुसरी सही जोडली जावी लागते, समोरच्या अप्रेझरची किंवा अंपायरची. आणि अंपायर तुम्ही निवडत नाही, तुमचा अप्रेझर निवडतो. म्हणून अप्रेझर निवडताना मी सगळ्यात आधी विचारतो की हा माणूस अंपायर कसा निवडेल, आणि त्या अंपायरला याचं म्हणणं कागदावरून पटेल का. खोलीत आवाज चढवणारा माणूस अंपायरला पहिल्या अर्ध्या तासात कळतो, आणि मग त्याचे बरोबर असलेले मुद्देही संशयाने वाचले जातात.

भारतात घराचा किंवा दुकानाचा क्लेम केलेल्यांना सर्व्हेयर माहीत असतो. त्याला परवाना असतो, पण नेमते कंपनी. अमेरिकेतला अप्रेझर तसा नाही. त्याला तुम्ही नेमता, पैसे तुम्ही देता, आणि तरीही त्याने तटस्थ राहावं अशी पॉलिसीची अपेक्षा असते. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण बहुतेक निवाडे मोडतात ते नेमके इथेच.

माणसं शोधायच्या आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, तुमचा वाद खरंच रकमेचा आहे का? अप्रेझरला "किती नुकसान" हे ठरवता येतं. "हे पॉलिसीत बसतं का" हे त्याच्या हातात नसतं. तुमच्या केसमध्ये कंपनीने गारांचं नुकसान मान्य केलंय, फक्त ते किती भागावर झालं यावर मतभेद आहे. टेक्सासमध्ये हे अप्रेझलला जाऊ शकतं. टेक्सास सुप्रीम कोर्टाचा २००९ चा जॉन्सन निकाल तुमच्या शेजारच्या प्लेनोमधल्याच छपराचा आहे. कंपनीचं म्हणणं होतं की फक्त माथ्यावरच्या रांगेला मार लागलाय, खर्च ४९९.५० डॉलर, म्हणजे १,४७७ च्या डिडक्टिबलपेक्षाही कमी. घरमालकिणीच्या रूफरने पूर्ण छप्पर धरून १३,००० च्या वर आकडा दिला होता. कोर्टाने ते अप्रेझलला पाठवलं, कारण रक्कम ठरवताना गारांनी काय झालं आणि आधीपासून काय होतं हे थोडंफार वेगळं करावंच लागतं. तुमचं पत्र मला याच जातीचं दिसतंय. मात्र पत्रात "कॉस्मेटिक डॅमेज" (फक्त दिसण्यातला बिघाड) वगळल्याचा मुद्दा असेल, उशिरा कळवल्याचा असेल, किंवा छपराच्या वयानुसार ठरावीक टक्केच मिळतील असं एन्डोर्समेंट (पॉलिसीला जोडलेली जादा अट) असेल, तर तो भाग अप्रेझर सोडवू शकत नाही. त्यासाठी वकील लागतो. राज्याराज्यात फरकही आहे. कॅलिफोर्नियात कारणाचा वाद अप्रेझरनी ठरवायचा नसतो, तिथे हाच वाद वेगळ्या वाटेने जाईल.

दुसरी, हिशेब. कंपनीचाच आकडा धरून तुम्ही दुरुस्ती पूर्ण केलीत आणि कापलेला घसारा परत मिळण्याजोगा असेल, तर ११,४५० वजा ९,२०० म्हणजे २,२५० डॉलर मिळू शकतात. रूफरचा आकडा जसाच्या तसा मान्य झाला तर २०,६०० मिळतील. पण निवाडा क्वचितच एका टोकाला बसतो. समजा २२,००० चा झाला, तर हातात १२,८००, म्हणजे कंपनीच्या आकड्याने मिळणाऱ्या २,२५० पेक्षा १०,५५० जास्त. आता खर्च. तुमचा अप्रेझर तासाला २२५ डॉलर घेणारा असेल आणि त्याला १२ तास लागले, तर २,७००. अंपायर तासाला ३०० ने ८ तास बसला, तर २,४०० आणि तुमचा अर्धा वाटा १,२००. एकूण ३,९००. साध्या कलमात हा खर्च जिंकल्यावरही परत मिळत नाही. तरीही तुमच्याकडे साडेसहा हजारांच्या पुढे उरतात, तेव्हा अप्रेझल मागण्यात अर्थ आहे. फरक चार-पाच हजारांचा असता, तर मी आधी कंपनीकडून दुसरी पाहणी मागा असं सांगितलं असतं. त्याला "री-इन्स्पेक्शन" म्हणतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

आता रूफर का नको, ते नीट सांगतो, कारण त्याचा सल्ला ऐकायला गोड आहे.

त्याला हे काम मिळणार आहे. निवाडा मोठा झाला तर त्याचं कंत्राट मोठं होतं आणि वर १५ टक्के. पॉलिसी उघडून अप्रेझलच्या कलमात "डिसइंटरेस्टेड" (हितसंबंध नसलेला), "इम्पार्शल" (निःपक्ष) की "इंडिपेंडंट" (स्वतंत्र) यांपैकी कोणता शब्द आहे ते बघा. शब्द कोणताही असो, निवाड्याच्या रकमेवर टक्के घेणारा माणूस त्यात बसवणं फार अवघड आहे. आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये अशा टक्केवारीवर काम करणाऱ्या अप्रेझरमुळे निवाडा रद्द ठरवला. फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये पॅरिश निकालात सांगितलं, की त्याच क्लेमवर टक्केवारीचा हिस्सा असलेला, विमेदाराच्या बाजूने क्लेम हाताळणारा पब्लिक अ‍ॅडजस्टर "डिसइंटरेस्टेड" अप्रेझर होऊ शकत नाही. कोलोराडोत २०१९ मध्ये कोर्टाने म्हटलं, की "इम्पार्शल" अप्रेझरने कोणाच्याही बाजूने वकिली करायची नाही. त्या प्रकरणातली फी ताशी होती, फक्त तिला निवाड्याच्या ५ टक्क्यांची वरची मर्यादा घातलेली होती. तेवढ्याने पक्षपात सिद्ध होत नाही, असंही त्या कोर्टाने म्हटलं. म्हणजे कडेकडेच्या बाबतीत कोर्टं वेगवेगळं बोलतात, पण सरळ १५ टक्के ही कडेची बाब नव्हे.

टेक्सासमध्ये निवाडा तीन कारणांनी मोडता येतो: अधिकाराबाहेर जाऊन केला असेल, फसवणूक, अपघात किंवा चुकीतून झाला असेल, किंवा पॉलिसीच्या अटींचं मूलतः पालन झालं नसेल. हितसंबंध असलेला अप्रेझर म्हणजे तिसरं कारण कंपनीच्या हातात आयतं देणं. रक्कम लहान आली तर कंपनी गप्प बसेल, मोठी आली तर ते कारण बाहेर काढेल. तुम्ही सहा महिने थांबून पुन्हा पहिल्या पायरीवर.

आणि "डिडक्टिबलचं मी बघतो" या वाक्यावर सावध व्हा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून कंत्राटदाराने डिडक्टिबल माफ करणं किंवा स्वतः भरणं हा गुन्हा आहे. राखून ठेवलेला घसारा देण्याआधी कंपनी तुमच्याकडे डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते, तेव्हा अडकाल तुम्ही. हे बोलणाऱ्या माणसाने बनवलेल्या अंदाजपत्रकावरही अंपायरचा विश्वास कमीच बसतो.

याचा अर्थ रूफर निरुपयोगी आहे असा नाही. त्याचं काम साक्षीदाराचं. त्याने तपशीलवार अंदाज द्यावा, फोटो द्यावेत, पाहणीच्या दिवशी शिडी घेऊन यावं आणि विचारलं तर उत्तर द्यावं. त्या कामाचे ठरावीक पैसे घ्यावेत. तुमचा मेहुणा, तुमचा वकील, आणि याच क्लेमवर टक्केवारीने काम करणारा पब्लिक अ‍ॅडजस्टर यांनाही हेच लागू. टेक्सासमध्ये पब्लिक अ‍ॅडजस्टरची फी क्लेमच्या १० टक्क्यांपर्यंतच असू शकते. त्याची मदत घ्यायची तर अप्रेझलच्या आधी घ्या, त्याला अप्रेझरच्या खुर्चीवर बसवू नका.

मग नेमायचं कोणाला? कलमातला दुसरा शब्द "काँपिटंट", म्हणजे कामाची जाण असलेला. तुमच्या वादात जाण म्हणजे काय, ते छपरावर जाऊनच दाखवतो.

उतारावर खडूने १० फूट बाय १० फुटांचा चौकोन आखतात, त्याला टेस्ट स्क्वेअर म्हणतात. त्यातल्या प्रत्येक खुणेभोवती खडूचं वर्तुळ. खालून फोटोत बघितलं तर गारेची खूण आणि उन्हाने फुटलेला फोड सारखेच वाटतात. जवळ बसून पाहिलं की फरक कळतो. फोड फुटलेला असतो तिथे खड्ड्याच्या कडा उभ्या आणि तीक्ष्ण असतात आणि आतले दाणे पूर्ण गेलेले असतात. गारेच्या जागी काही दाणे आत दाबले गेलेले दिसतात, आणि अंगठ्याने दाबलं की शिंगल (छपरावरची डांबरी पट्टी) तिथे मऊ लागतं, मार लागलेल्या आंब्यासारखं, कारण खालची फायबरग्लासची चटई तडकलेली असते. चांगला अप्रेझर हे हाताने तपासतो, आणि प्रत्येक उताराचा वेगळा चौकोन, दिशा लिहून, मोजपट्टी ठेवून फोटो घेतो. ड्रोनवर भागवत नाही.

तुमच्या केसमध्ये कंपनी म्हणते मार फक्त मागून आला. मग खरा पुरावा पुढच्या बाजूच्या पत्र्यावर आहे. गटर, व्हेंटच्या टोप्या, गॅरेजचं दार, टपालपेटी, एसीच्या बाहेरच्या युनिटचे पातळ पंख. मऊ पत्रा गारेची दिशा आणि आकार दोन्ही सांगतो. कुंपणावर आणि मीटरच्या पेटीवर गारा आपटून धूळ-गंज निघून गेल्याचे फिकट ठिपके असतात, ते पावसापाण्याने पुसट होत जातात. म्हणून त्यांचे फोटो आजच काढून ठेवा, अप्रेझर नंतर मिळाला तरी चालेल. पुढच्या बाजूच्या पत्र्यावर एकही खड्डा नसेल, तर मात्र तुमच्या रूफरचा आकडा कमकुवत आहे. हे तुमच्या अप्रेझरने तुम्हाला तोंडावर सांगायला हवं.

त्यानंतर कागद. कंपन्या बहुतेक एक्झॅक्टिमेट नावाचं अंदाजपत्रकाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात शहर आणि महिन्यानुसार किंमतयादी बदलते, म्हणून अप्रेझरला ते स्वतःला चालवता आलं पाहिजे. बाहेरून अंदाज बनवून आणून सही करणारा नको. तुमच्यासारख्या ३४ स्क्वेअरच्या छपरात (एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट) पैसे ओळीओळीत सांडलेले असतात: कडेची स्टार्टर रांग, माथ्याची रिज कॅप, ड्रिप एज (कडेची पत्र्याची पट्टी), व्हॅली (दोन उतार मिळतात ती खाच), पाइपांभोवतीचं फ्लॅशिंग (पाणी अडवणारा पत्रा), दुसऱ्या मजल्याचा अधिभार, आणि उतार ७/१२ (१२ इंच आडव्याला ७ इंच चढ) किंवा त्याहून उभा असेल तर चढाचा वेगळा दर. वाया जाणारा माल किती धरला, मुख्य कंत्राटदाराचा ओव्हरहेड आणि नफा धरला का, शहराच्या बिल्डिंग कोडमुळे वाढलेला खर्च पॉलिसीत आहे का. कंपनीच्या अंदाजात यातल्या काही ओळी नसतात, आणि रूफरच्या अंदाजात बहुतेक वेळा एकच ओळ असते: "छप्पर पूर्ण, २९,८००." अंपायरपुढे एकच ओळ टिकत नाही.

अप्रेझरशी पहिल्या फोनवर काय विचारायचं? गेल्या तीन वर्षांत किती वेळा घरमालकाकडून आणि किती वेळा कंपनीकडून काम केलं. एकाच बाजूचं असेल तर लगेच बाद नाही, पण दोन्ही बाजूंनी बोलावणं येत असेल तर समोरचा अप्रेझर त्याच्याशी सरळ बोलेल, आणि अर्धे वाद अंपायरशिवाय मिटतात. छपरावर स्वतः चढता का. नावं झाकून एखादा जुना निवाडा दाखवाल का. माझा रूफर, माझा वकील किंवा माझी विमा कंपनी यांच्याशी पैशाचा संबंध आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "या वादासाठी तुम्ही अंपायर म्हणून कोणत्या तीन माणसांची नावं द्याल, आणि का?" उत्तर ऐका. "माझा एक ओळखीचा आहे, आपल्या बाजूने बसतो" असं आलं तर फोन ठेवा. असा माणूस तुमच्या निवाड्यात पुढे मोडायची जागा आजच तयार करतोय. "छपराची कामं केलेला, अंदाज वाचता येणारा, आणि समोरच्याला नाकारायला कारण सापडणार नाही असा" हे उत्तर मला हवं असतं. रक्कम आधीच सांगून टाकणाराही नको. न बघता "तीस हजारांपर्यंत नेतो" म्हणणाऱ्याने तटस्थपणा तिथेच सोडला.

वायंड म्हणजे विंडस्टॉर्म इन्शुरन्स नेटवर्क, आणि आयएयूए म्हणजे इन्शुरन्स अप्रेझल अँड अंपायर असोसिएशन, यांचे प्रशिक्षणाचे कार्यक्रम आहेत आणि नावं शोधायला त्यांचा उपयोग होतो. पण ते प्रमाणपत्र म्हणजे सरकारी परवाना नव्हे, वरचे प्रश्न तरीही विचारा.

फीचा करार लेखी आणि ताशी किंवा ठरावीक रकमेचा. त्यात एक वाक्य असू द्या: फी निवाड्याच्या रकमेवर अवलंबून नाही. तासांचा अंदाज आणि तो ओलांडण्याआधी विचारण्याची अट घाला. नेमणूक झाल्यावर त्याला रोज फोन करून आकडा सांगत बसू नका. कागद द्या, घर दाखवा, प्रश्नांची उत्तरं द्या, आणि बाजूला व्हा. तुमचे "कमीत कमी इतके आणा" असे मेसेज उद्या कोर्टात वाचले जाऊ शकतात.

आता अंपायर. "कंपनीचाच निघाला तर" ही भीती मी समजू शकतो, पण ती दूर करायची जागा ठरलेली आहे. अप्रेझर एकमेकांना साधारण तीन-तीन नावं देतात. तुमच्या अप्रेझरने प्रत्येक नावाकडून लेखी खुलासा मागावा: या कंपनीचं, या दोन अप्रेझरांचं, या वकिलांच्या कार्यालयाचं काम गेल्या पाच वर्षांत किती केलं. पाच वर्षं का? फ्लोरिडाच्या कायद्यात अंपायरवर हरकत घेण्याची कारणं लिहिलेली आहेत: जवळचं नातं, याच किंवा याच्याशी संबंधित बाबीत आधी कोणाच्या वतीने काम केलेलं असणं, आणि गेल्या ५ वर्षांत एखाद्या बाजूशी मालक-नोकर संबंध. टेक्सासला तो कायदा लागू नाही, पण प्रश्न विचारायला तो चांगला नमुना आहे. एकाच अप्रेझरबरोबर पुन्हा पुन्हा बसणारा अंपायर दोन्ही बाजूंनी तपासा, तुमच्याही. विचारणा एकत्र ईमेलवर, दोन्ही अप्रेझर कॉपीत. नेमणुकीनंतर कोणीही अंपायरशी एकट्याने बोलायचं नाही, तुम्ही तर अजिबात नाही.

कोणत्या वादाला कसा पंच, यावर माझं मत ठाम आहे. तुमचा वाद आहे खूण गारेची की जुनेपणाची, आणि ओळी किती. त्याला छपराची जाण असलेला माजी कंत्राटदार, अनुभवी इमारत-अंदाजक किंवा वादळी नुकसान बघणारा इंजिनिअर उत्तम. निवृत्त न्यायाधीश मोठ्या व्यापारी इमारतीच्या, कागदांच्या आणि अनेक कव्हरांच्या वादात फार चांगले, पण ३४ स्क्वेअरच्या छपरासाठी बरेचदा महाग पडतात. आणि ज्याला शिंगल हातात धरून फरक ओळखता येत नाही, तो दोन आकड्यांच्या मधला आकडा काढतो. ११,४५० आणि २९,८०० यांचा मध्य २०,६२५. तो कशावर आधारलाय? कशावरच नाही. असा अंपायर आला की समोरचा मुद्दाम खाली उतरतो आणि तुमचा माणूस मुद्दाम वर चढतो.

एकमत झालंच नाही, तर जिल्हा कोर्टात अर्ज करावा लागतो. इथे वकिलाचे काही तास लागतील. अर्जाची नोटीस समोरच्याला द्या, कारण गुपचूप करून आणलेली नेमणूक पुढे भांडणाचं कारण ठरते. न्यायाधीशाला छपराचं ज्ञान असेलच असं नाही, त्याच्यापुढे जे ठेवाल त्यातून तो निवडतो. म्हणून दोन-तीन नावं, त्यांचा अनुभव, फी आणि खुलासे जोडलेला अर्ज हवा. नुसतं एक नाव देणारा अर्ज कमजोर पडतो.

निवाड्याचा नमुना आधीच ठरवून घ्यायला अप्रेझरला सांगा. एका ओळीत एकूण रक्कम नको. घर, वेगळी बांधकामं, सामान हे वेगळं. प्रत्येकात बदली खर्च (नवं बसवायला लागणारा), घसारा, आणि घसारा वजा जाता रक्कम. बिल्डिंग कोडचा खर्च वेगळा. पुढचे उतार आणि मागचे उतार वेगळे. शेवटी "डिडक्टिबल आणि आधी दिलेली रक्कम वजा व्हायची आहे" हे वाक्य. पुढे कव्हरचा वाद उभा राहिलाच, तर ज्या ओळीवर वाद आहे तेवढीच अडते, बाकीचे पैसे सुटतात. गटरवरचे खड्डे कॉस्मेटिक म्हणून कंपनी नाकारत असेल, तर तीही स्वतंत्र ओळ.

निवाडा गंभीरपणे घ्या, कारण तो बहुतेक वेळा शेवटच असतो. टेक्सास सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या ऑर्टिझ निकालानुसार कंपनीने निवाड्याची रक्कम भरली की करारभंगाचा दावा उरत नाही. त्याच वर्षीच्या बार्बरा टेक्नॉलॉजीज निकालाने उशिराच्या व्याजाचा रस्ता काही प्रमाणात खुला ठेवला. पण कंपनीने पूर्ण निवाडा आणि लागू होऊ शकणारं सगळं व्याज भरलं, तर वकिलाची फीही मिळत नाही, हे २०२४ मध्ये ठरलं. "अप्रेझल होऊ दे, मग बघू कोर्टात" या हिशेबाने आत जाऊ नका.

तारखा. अप्रेझलची मागणी केली म्हणून दावा दाखल करायची मुदत थांबत नाही. अनेक टेक्सास पॉलिसीत ती दोन वर्षं आणि एक दिवस असते, आणि बदली खर्चाचा क्लेम पूर्ण करायला ३६५ दिवस. प्रक्रिया लांबतेय असं दिसलं, तर कंपनीकडून मुदतवाढ लेखी घ्या. गॅल्व्हेस्टन-कॉर्पस क्रिस्टीच्या किनारपट्टीवरच्या ज्या वाचकांकडे टेक्सास विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशनची, म्हणजे टीडब्ल्यूआयएची पॉलिसी आहे, त्यांची पद्धत वेगळी आहे. तिथे क्लेम मान्य झाल्याची नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांत अप्रेझल मागावं लागतं. फ्रिस्कोच्या हिशेबाने चाललात तर मुदत निघून जाईल.

पाहणी होईपर्यंत छप्पर उखडू नका. गळत असेल तिथे ताडपत्री टाका, पावती ठेवा. निघालेली शिंगलं, प्रत्येक उताराची दोन-चार, मागे उतार लिहून पिशवीत ठेवा.

या आठवड्यात करायचं ते असं. कंपनीकडे पॉलिसीची सगळ्या एन्डोर्समेंटसह प्रमाणित प्रत आणि अ‍ॅडजस्टरचा फोटो-अहवाल लेखी मागा. प्रत आल्यावर अप्रेझलचं कलम वाचा. काही कंपन्यांनी "दोघांची संमती असेल तरच" अशी अट घातली आहे, तसं असेल तर पत्राचा सूर बदलावा लागेल. दोन-तीन अप्रेझरांशी बोला आणि एक नक्की करा. तोपर्यंत मागणीचं पत्र पाठवू नका. तुमच्या मागणीनंतर घड्याळ दोघांसाठी सुरू होतं, आणि विसाव्या दिवशी घाईत नेमलेला माणूस बहुतेक तोच रूफर असतो. उलटंही लक्षात ठेवा, मागणी कंपनीही करू शकते, म्हणून नाव तयार असलेलं बरं. पत्र सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह, आणि ईमेलनेही. त्यात पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, नुकसानीची तारीख, "रकमेवर मतभेद आहे, पॉलिसीच्या कलमानुसार अप्रेझल मागत आहे" हे एक वाक्य, तुमच्या अप्रेझरचं नाव-पत्ता, आणि त्यांचा अप्रेझर २० दिवसांत कळवावा ही विनंती. रागाचे परिच्छेद नकोत, तेच पत्र अंपायर वाचणार आहे.

रूफरला आज इतकंच सांगा: अंदाज ओळीओळीत फोडून द्या, डिडक्टिबल मी स्वतः भरणार आहे, आणि पाहणीच्या दिवशी शिडी घेऊन या, त्याचे पैसे देतो. यावर तो नाराज झाला, तर रूफर बदलायलाही अजून वेळ आहे.